कात्री कोणी मागितली?

'डूला' हा शब्द शिंपिणीच्या सासूबाईंच्या तोंडात काही केल्या बसेना. आधी त्या 'डोला' म्हणाल्या, मग 'ढोला', आणि शेवटी स्वतःच कंटाळून 'झुला'वर येऊन थांबल्या. तेव्हापासून त्या घरात सोबतीला येणाऱ्या बाईचं नाव झुलाबाई पडलं, आणि तिनेही ते कधी दुरुस्त केलं नाही. नाव परकं असलं तरी काम काही परकं नव्हतं. बाळंत होणाऱ्या बाईसोबत राहायचं, कळा सुरू झाल्यापासून बाळ तिच्या छातीशी येईपर्यंत. कंबर दाबून द्यायची, पाण्याचा घोट द्यायचा, चालवायचं, बसवायचं, आणि आजूबाजूला काय चाललंय ते तिला समजेल असं सांगायचं. तपासणं, इंजेक्शन, नाळ यातल्या कशालाही ती हात लावत नसे. ते डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं काम. त्यात नाक खुपसायचं नाही, असं तिने स्वतःलाच बजावून ठेवलं होतं.

"म्हणजे नुसतं बसून राहायचं?" सासूबाईंनी विचारलं होतं. त्या सुनेच्या दुकानात काजबटण करायच्या, त्यामुळे नुसतं बसणाऱ्या माणसाबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता.

"काकू, तिथे सगळे धावपळीत असतात. नुसतं बसणारं कोणीच नसतं. म्हणून मी."

हे ती उगाच म्हणत नव्हती. पूर्वी ती एका प्रसूतिगृहात रिसेप्शनला होती. भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू यायचं आणि अलीकडे ती फोन घ्यायची. त्या नोकरीत तिच्या एक गोष्ट लक्षात आली ती अशी, की आत बाळाचं बघणारे आहेत, रक्तदाबाचं बघणारे आहेत, मशीनचं बघणारे आहेत, फक्त बाईकडे बघणारं कोणी नाही. बाई म्हणजे जणू बाळ ज्यात ठेवलंय ती पिशवी. एके दिवशी तिने फोन खाली ठेवला तो ठेवलाच.

शिंपिणीचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला तिला न विचारता कापलं होतं. बाळ यायची वाट थोडी मोठी करायला डॉक्टर खाली कात्रीने छेद देतात आणि मागाहून टाके घालतात, तेवढंच. कधीकधी ते करावं लागतं, हे शिंपिणीलाही मान्य होतं आणि झुलाबाईलाही. पण तिला कोणी एका शब्दानेही विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. कळलं ते टाके घालताना. आणि जी बाई दिवसभर मशीनवर बसून पोट भरते, तिला पुढे कित्येक महिने धड बसता आलं नाही. हवेची रबरी गादी घेऊन ती दुकानात बसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, 'काय बाई, सिंहासन केलंय वाटतं!' तीही हसायची. काय करणार?

"मी कापडाला विचारून कात्री लावते हो, ताई," ती झुलाबाईला म्हणाली होती. कापायच्या टेबलाशी उभी होती, हातात खडू, गळ्यात टेप, पोट टेबलाला टेकलेलं. "गळा किती, बाही किती, इथून कापू ना, नक्की ना? बाई वैतागते, पण मी विचारते. आणि माझ्या अंगाला लावली तर विचारायचं नाही? कापायची गरज असेल तर कापू देत. मला फक्त विचारू देत."

बास, एवढंच तिला हवं होतं. तिला फुलं नको होती, गाणी नको होती, वेदनेशिवाय बाळंतपण नको होतं. कापण्याआधी कोणीतरी तिच्या तोंडाकडे बघून विचारावं, एवढीच मागणी. ही मागणी ऐकून झुलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी बाईला सोबत माणूस न्यावं लागतं.

पण तिला अनुभवाने एक ठाऊक होतं. कळा देताना बाईने 'नको' म्हटलं तर ते कोणी मोजत नाही. आपल्याकडे तसंही 'नको'ला काय किंमत आहे? चहा नको म्हटलं की कप पुढे येतो, जेवायला नको म्हटलं की पान मांडलं जातं. मग कळांमध्ये 'नको, नको, मला जमणार नाही' असं तर सगळ्याच ओरडतात, आणि पुढच्या मिनिटाला जोर लावतात. खरं 'नको' आणि वेदनेचं 'नको' वेगळं कसं काढायचं? म्हणून झुलाबाईने आपली एक रीत काढली होती. ती प्रत्येकीला एक शब्द निवडायला सांगायची. त्या खोलीत कोणी सहसा बोलणार नाही असा. तो शब्द बाईच्या तोंडून आला की त्याचा अर्थ एकच: थांबा, मी शुद्धीत आहे आणि खरंच सांगतेय. एकीने 'पोस्टमन' निवडला होता. एकीने नवऱ्याच्या साहेबाचं आडनाव घेतलं होतं आणि ऐनवेळी ते इतक्या जोरात म्हटलं की नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

शिंपीण क्षणभरही न थांबता म्हणाली, "कात्री."

"कात्री? अगं..."

"आमच्या दुकानात तोच शब्द चालतो. मुलगी टेबलाखाली शिरली, नाहीतर आईंचा हात पात्याजवळ गेला, की मी 'कात्री!' म्हणून ओरडते. सगळे जागच्या जागी थांबतात. माझ्या तोंडात तोच बसलाय. दुसरा सुचायचा नाही मला त्या वेळी."

झुलाबाईने विचार केला. दवाखान्यात त्या कात्रीला कोणी कात्री म्हणत नाही, इंग्रजी नाव घेतात. छेदालाही 'एपी' म्हणतात. म्हणजे शब्द मोकळाच होता. ती 'बरं' म्हणाली. खुर्चीत बसून, चहाचा कप हातात घेऊन, दुपारच्या निवांत उजेडात हे अगदी बरोबर वाटलं होतं.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला आत येऊ दिलं, पण ते उपकार केल्यासारखंच.

"हे काय नवीन फॅड?" ते म्हणाले. "असू दे. राहा. पण मधे बोलायचं नाही. एक शब्द बोललात तर बाहेर."

शिंपिणीने झुलाबाईचं मनगट धरलं होतं. नवरा डिलिव्हरीची व्हॅन घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकला होता, सासूबाई नातीला घेऊन बाहेरच्या बाकावर होत्या. आत ती एकटी पडली असती. झुलाबाईने मान डोलावली. मूग गिळून गप्प बसायचं तर बसायचं, पण हात सोडायचा नाही.

सकाळ बरी गेली. ती खोली लांबट होती, भिंतींना अर्ध्यापर्यंत फरशी, एक खाट, एक उंच दिवा, आणि बाळाच्या ठोक्यांचा आवाज करणारं मशीन. इन्चार्ज सिस्टर वयाने मोठी, पायाला सूज असलेली, बोलायला कमी. ती मधूनमधून येऊन तपासायची आणि 'चाललंय छान' म्हणून जायची. झुलाबाईने शिंपिणीला खाटेभोवती चालवलं, कळ आली की तिच्या कमरेत दोन्ही तळवे रोवून दाबलं, कळ ओसरली की गार फडक्याने मान पुसली. मधल्या वेळेत दोघी चक्क हसत होत्या. शिंपीण सिस्टरचा गणवेश बघून म्हणाली, "खांद्यात ओढतोय तो. बाही चुकलीय. मी असते तर अशी पाठवली नसती." सिस्टरने ऐकलं आणि ओठ दाबून हसली.

दुपार कलताना मोठे डॉक्टर आले. हातमोजे चढवता चढवता त्यांचं कोणाशी तरी फोनवर बोलणं चाललं होतं, फोन एक शिकाऊ डॉक्टर त्यांच्या कानाशी धरून उभा होता. त्यांचा हात चांगला होता, हे झुलाबाईही नाकारत नव्हती. या गावात त्यांच्या हाताने जन्मलेली माणसं आता आपली पोरं त्यांच्याकडे घेऊन येत होती. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कोणी 'थांबा' म्हटलं नव्हतं, आणि माणसाला ते ऐकायची सवय सुटली की सुटते.

"डोकं दिसतंय," सिस्टर म्हणाली. "ठोके छान आहेत."

"चला, आटपू. एपी देऊ." डॉक्टरांनी हात पुढे केला.

शिंपिणीने ट्रे सरकल्याचा आवाज ऐकला. मान उचलून बघितलं. "नको," ती म्हणाली. "डॉक्टर, नको. आधी मला..."

"सगळ्या असंच म्हणतात. जोर लाव."

"नको ना! विचारा मला! नको!"

"जोर लाव म्हटलं ना. सिस्टर, पाय धरा."

आणि मग शिंपिणीने श्वास घेतला, डोळे उघडे ठेवले, आणि दुकानात ओरडायची तशी, स्पष्ट, खणखणीत ओरडली, "कात्री!"

क्षणभर खोलीत कोणी हललं नाही. मग मोठे डॉक्टर हसले. अगदी मोकळेपणाने हसले.

"ऐकलंत? पेशंटच मागतेय. द्या सिस्टर, कात्री द्या."

शिकाऊ डॉक्टरही हसला. झुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण काय करून बसलो हे तिला त्याच क्षणी कळलं. या खोलीत इतके शब्द होते, आणि आपण या बाईच्या हातात नेमका तोच शब्द दिला!

"कात्री!" शिंपीण पुन्हा ओरडली. ती झुलाबाईकडे बघत होती.

"ती मागत नाहीये!" झुलाबाई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ती थांबा म्हणतेय. तो तिचा थांबायचा शब्द आहे. एकदा विचारा तिला, डॉक्टर. एक वाक्य. कापायचं असेल तर कापा, पण विचारा!"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "यांना बाहेर काढा."

"मी जाते. तुम्ही विचारा, मी लगेच जाते."

शिकाऊ डॉक्टरने तिचा दंड धरला. तो दांडगाई करत नव्हता, त्याला स्वतःलाच लाज वाटत होती, पण धरला. शिंपिणीची बोटं मनगटावरून एकेक सुटत गेली. दार लागलं. आतून झुलाबाईला मशीनचे ठोके ऐकू येत होते, टक टक टक, अगदी शांत, कसलीही घाई नसलेले. मग शिंपिणीची एक किंकाळी आली, आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी. आणि थोड्याच वेळात बाळ रडलं.

बाहेरच्या बाकावर आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी नातीला उचलून घेतलं, तोवर नवराही धापा टाकत येऊन पोचला. मोठे डॉक्टर बाहेर आले, "मुलगा आहे, बाळ-बाळंतीण सुखरूप" म्हणाले, आणि नवऱ्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

बाळ-बाळंतीण सुखरूप! या तीन शब्दांचा झुलाबाईला कधी नव्हे एवढा संताप आला. खोटे नव्हते ते. देवाची कृपाच की दोघं जिवंत आहेत. पण या तीन शब्दांच्या खाली काय काय दडपता येतं! कोणी मारलं, कोणी ओरडलं, कोणी न विचारता कापलं, सगळं त्यांच्या खाली जातं आणि वरून पेढे वाटले जातात. तक्रार करायला तोंड उघडावं तर लोक विचारतात, आणखी काय हवंय तुम्हाला? जिवंत आहात ना!

"काकू, तिला न विचारता कापलं," ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी नातीच्या फ्रॉकचं बटण उगाचच काढून परत लावलं. "आम्हाला तरी कुठे कोणी विचारलं होतं?" त्या म्हणाल्या. "झालं गेलं. आता उकरून काढू नका तुम्ही."

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत झुलाबाई वॉर्डात गेली ती अपराध्यासारखी. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खाटांची रांग होती, मधे हिरवे पडदे, ते कोणी ओढत नव्हतं. शिंपीण एका कुशीवर कलती बसली होती, तशीच, पहिल्या खेपेसारखी. बाळ मांडीवर झोपलं होतं. शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचंही बाळंतपण काल पहाटेच झालं होतं, आणि तेव्हापासून ती कोणाशी बोललेली नव्हती.

"माझं चुकलं गं," झुलाबाई म्हणाली. "शब्द मी नाकारायला हवा होता."

"तुमचं काय चुकलं?" शिंपीण म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "शब्द कुठलाही असता तरी काय होणार होतं, ताई? मी काल त्यांना आपल्या साध्या भाषेत सांगत होते की. शब्द कशाला लागावा मला?"

झुलाबाईला आपली ती रीत, ते पोस्टमन आणि ते साहेबाचं आडनाव, एकदम पोरकट वाटायला लागलं. बाईने सांकेतिक भाषा शिकायची, म्हणजे समोरच्याने ऐकायला नको!

तेवढ्यात राउंड आला. पुढे मोठे डॉक्टर, मागे तीन शिकाऊ, आणि शेवटी सुजलेल्या पायांनी इन्चार्ज सिस्टर, हातात ड्रेसिंगचा ट्रे.

"काय म्हणतो आमचा पैलवान?" डॉक्टरांनी बाळाच्या गालाला बोट लावलं. "टाके दुखतायत?"

"डॉक्टर, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही मला का नाही विचारलं? कापायच्या आधी."

सासूबाईंनी घाईघाईने सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. झुलाबाईच्या तोंडापर्यंत शब्द आले होते, पण शिंपिणीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि तिने ते आतच ठेवले. आज बोलणारी बोलत होती.

"अगं, तूच तर कात्री मागितलीस!" डॉक्टर मागे वळून शिकाऊंकडे बघत हसले. दोघे हसले. कालचा तिसरा हसला नाही.

"त्याआधी मी नको म्हणत होते," शिंपीण म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण वॉर्डात पोचत होता. "ओरडून म्हणत होते. विचारा म्हणत होते. ते तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही. आणि कात्री तेवढी एका हाकेत ऐकू आली?"

"सूनबाई," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही आई, बोलू द्या मला. मी बसून काम करणारी बाई आहे. मला पुन्हा बसता येईना झालंय. कापावं लागलं असेल तर मी 'हो' म्हटलं असतं. ते 'हो' माझं होतं. ते तुम्ही का घेतलं नाही?"

डॉक्टरांचं हसू आता थोडं आखडलं होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बऱ्यापैकी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तुला राग येणं मी समजू शकतो. पण अशा वेळी विचारत बसायला वेळ नसतो. बाळाचा जीव बघायचा असतो."

"वेळ होता."

हे कोण बोललं ते पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. इन्चार्ज सिस्टरने ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला.

"ठोके नीट होते, सर," ती म्हणाली. डॉक्टरांकडे न बघता, शिंपिणीकडे बघत. "विचारायला वेळ होता. नेहमीच असतो असं नाही, पण काल होता. आपण विचारत नाही, एवढंच. मीही नाही विचारलं. मी पाय धरले."

सासूबाईंचा हात अजून सुनेच्या खांद्यावरच होता. मघाशी तो तिला गप्प करायला आला होता. आता झुलाबाईच्या डोळ्यादेखत त्याची बोटं घट्ट मिटली आणि तिथेच राहिली.

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. "सिस्टर, आपण नंतर बोलू," ते म्हणाले, आणि शिंपिणीला, "ठीक आहे, लक्षात ठेवू." ते माफी मागण्याच्या फार जवळ गेले नाहीत. राउंड पुढे सरकला, जणू मधे एक खाट राहून गेली होती. शेजारच्या खाटेपाशी येऊन त्यांनी सवयीने फाइल शिकाऊच्या हातात दिली आणि सवयीनेच त्या भिंतीकडे तोंड केलेल्या बाईच्या अंगावरची चादर उचलायला हात घातला.

चादर उचलली गेली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. तिने ती आतून दोन्ही मुठींनी धरून ठेवली होती. मग ती सावकाश, एकेक हाड जागेवर ठेवावं तशी, कूस बदलून त्यांच्याकडे वळली.

"आधी विचारा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं, सिस्टर हलली नाही. शिकाऊ जमिनीकडे बघत होते. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरच्या सगळ्या बाया या खाटेकडे बघत होत्या.

"तपासू का?" मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांना ते नीट म्हणता आलं नाही, घसा खाकरून पुन्हा म्हणावं लागलं. मग ते हात मागे घेऊन, उत्तर येईपर्यंत, उभे राहिले.